डॉक्टर होण्याआधी तुमचे हात काय करत होते?

दर वर्षी नेत्रविभागात नवे रेसिडेंट, म्हणजे डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला आलेले डॉक्टर, येतात. पहिल्या दिवशी सगळे ओळीने बसलेले असतात, एप्रनला अजून इस्त्रीची घडी, खिशात नवा टॉर्च. मी त्यांना एकच प्रश्न विचारते: डॉक्टर होण्याआधी तुमचे हात काय करत होते? किती गुण पडले, कुठल्या कॉलेजातून आलात, हे मी विचारत नाही. ते अर्जात लिहिलेलं असतं आणि त्यातून माणूस फारसा कळत नाही.

गेली १९ वर्षं मी ही उत्तरं एका वहीत लिहून ठेवते आहे. एक जण आईबरोबर पायाच्या शिलाई मशीनवर बसायचा. एकीचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि ती लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून स्क्रू मोजायची. एक जण आधी पाच वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट होता, चष्म्याचे नंबर काढून काढून कंटाळला आणि परत पहिल्यापासून वैद्यकीय शिक्षणाला लागला. एकीने चार लहान भावंडांना आंघोळी घातल्या होत्या. पण सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर वेगळंच आहे. "काही नाही मॅडम. मी फक्त अभ्यास केला." हे उत्तर देताना मुलं खाली बघतात, जणू काही राहून गेलंय. वयाच्या पंधराव्या वर्षापासून प्रवेशपरीक्षांच्या मागे धावलेल्या मुलाने आणखी काय करायला हवं होतं? त्या मुलांसाठीच मी हे सगळं लिहिते आहे.

डोळ्याचा डॉक्टर म्हटलं की लोकांना ऑपरेशन आठवतं, आणि ऑपरेशन म्हटलं की स्थिर हात. नव्या रेसिडेंटलाही तसंच वाटतं. रात्री खोलीत बसून तो स्वतःची बोटं दिव्यासमोर धरून बघतो, थरथरतात का ते. मीही बघत असे. पण पहिल्या वर्षात हातांची परीक्षा होतच नाही. परीक्षा होते ती बघण्याची.

रेटिनोस्कोपीचं, म्हणजे पेशंटला काही न विचारता उजेडाने चष्म्याचा नंबर काढण्याचं, उदाहरण घेते. अंधारी खोली, समोर पेशंट, तुमच्या हातात प्रकाशाची एक पट्टी. ती पट्टी डोळ्यावरून हलवली की बाहुलीत उजेडाची एक छाया सरकते. पट्टीच्याच दिशेने सरकली तर प्लसची काच लावायची, उलट दिशेने सरकली तर मायनसची, आणि छाया सरकायची थांबून अख्खी बाहुली एकदम उजळली की थांबायचं. तुम्ही ६६ सेंटिमीटरवर बसला असाल तर आलेल्या आकड्यातून दीड नंबर वजा करायचा. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं. प्रत्यक्षात ती छाया पहिले कित्येक दिवस दिसतच नाही. दिसली तर वाटतं, मला हवी होती म्हणून दिसली. आणि पेशंट दोन वर्षांचं मूल असेल तर ते तुमच्याकडे सोडून सगळीकडे बघतं.

ती चार भावंडांना आंघोळ घालणारी मुलगी इथे सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्या बॅचमध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मग वैद्यकीयकडे वळलेला एक मुलगा होता. प्रकाशकिरणांचं गणित त्याच्याइतकं कोणालाच येत नसे. पण मूल रडायला लागलं की त्याचा हात आखडायचा आणि तो आईला सांगायचा, "जरा नीट धरा ना त्याला." ही मुलगी खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसायची, रेटिनोस्कोप आपल्या गालाला टेकवायची, आणि तोंडाने कसला तरी आवाज काढत राहायची. मूल तिच्या तोंडाकडे बघायचं. तेवढ्यात तिचं काम झालेलं असायचं. पुढे त्या मुलाने तिच्याकडून जमिनीवर बसायला शिकून घेतलं आणि तिने त्याच्याकडून दीड नंबर का वजा करायचा ते नीट समजून घेतलं. हे दोघं एका बॅचला आले, हे त्या बॅचचं भाग्य.

मग येतो इनडायरेक्ट, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) बघायची तपासणी. डोक्यावर दिव्याचा पट्टा, हातात वीस डायॉप्टरचं भिंग, समोर झोपलेला पेशंट आणि त्या भिंगात हवेत तरंगणारा पडदा. तो उलटा दिसतो. वरचं खाली, खालचं वर, डावीकडचं उजवीकडे. हे डोक्यात बसायला महिने जातात. म्हणून चित्र काढायला लावतात. कागद पेशंटच्या छातीवर उलटा ठेवायचा, म्हणजे जसं दिसतं तसं काढत गेलं तरी कागद सरळ केल्यावर चित्र बरोबर येतं. रंग ठरलेले आहेत: जागेवर असलेला पडदा लाल, सुटलेला पडदा निळा, शिरा निळ्या, धमन्या लाल, डोळ्याच्या पोकळीतला रक्तस्राव किंवा गढूळपणा हिरवा. आता फोटो काढणारी यंत्रं आहेत, एका क्लिकमध्ये जवळजवळ अख्खा पडदा येतो. रेसिडेंट मला विचारतात, मॅडम, चित्र कशाला? मी तरीही पेन्सिली हातात देते. चित्र काढताना प्रत्येक शीर कडेपर्यंत न्यावी लागते, आणि कडेपर्यंत नजर गेली की तिथलं बारीक छिद्र सापडतं. फोटो बघताना आपण मधोमध बघतो आणि पुढे जातो.

"मी फक्त अभ्यास केला" म्हणणारी एक मुलगी होती. तिचं पहिलं चित्र अगदी वाईट होतं, सगळा पडदा एका जाड लाल रंगाने भरून टाकलेला. तिला चित्रकला येत नव्हती आणि त्याची लाज वाटत होती. पण रोज रात्री अभ्यासाला बसायची सवय तिच्या अंगात मुरलेली होती. पाचव्या महिन्यापर्यंत तिच्याकडे तीनशेच्या वर चित्रं झाली. एका संध्याकाळी एक पेशंट आला. दोन दिवसांपासून नजरेसमोर खालून काळी सावली वर सरकतेय, असं त्याचं म्हणणं. तिने भिंग उचलण्याआधीच मला सांगितलं, "मॅडम, याचा वरचा पडदा सुटला असणार." डोळ्यातली प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरचा पडदा सुटला की माणसाला खालचं दिसेनासं होतं. हे सगळ्यांना पाठ असतं. तिला ते पाठ नव्हतं, तिला ते दिसलं होतं. पडद्याचा मध्यबिंदू, ज्याने आपण बारीक बघतो, अजून चिकटून होता, म्हणजे तो सुटण्याआधी ऑपरेशनची घाई होती. त्याच रात्री त्याला पडद्याच्या सर्जनकडे पाठवलं.

शिक्षणाच्या रचनेबद्दल थोडं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे सगळं एकसारखं वाटतं. भारतात एमबीबीएसनंतर एमएस किंवा डीएनबी तीन वर्षांचं. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर एक वर्ष इंटर्नशिप आणि तीन वर्षं नेत्रशास्त्र. ब्रिटनमध्ये आधी दोन वर्षं सर्वसाधारण फाउंडेशन आणि मग साधारण सात वर्षं डोळेच डोळे. अमेरिकेत रेसिडेन्सी संपवताना मुख्य सर्जन म्हणून मोतीबिंदूच्या किमान ८६ शस्त्रक्रिया झालेल्या असाव्या लागतात. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण संपेपर्यंत ३५० ची अपेक्षा ठेवलेली. म्हणजे दोन देशांतले दोन "नवे डॉक्टर" शेजारी उभे केले तर त्यांच्या हातात अगदी वेगळं असू शकतं. त्यानंतर बरेच जण कॉर्निया, काचबिंदू, पडदा, लहान मुलांचे डोळे, पापण्या, नसा यांतलं काही निवडून वर्षभर किंवा दोन वर्षं फेलोशिप करतात. मला आकड्यांपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: त्या केसेस कोणी शेजारी बसून करून घेतल्या का? सुपरव्हायजर दाराशी उभा राहून फोनवर बोलत असताना झालेल्या शंभर केसेस आणि शेजारी बसून प्रत्येक टप्पा बघितलेल्या चाळीस केसेस, यांत मी चाळीस घेईन.

आता ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. इथे सगळ्यांना वाटतं की घड्याळजीची मुलगी जिंकणार. तिचा हात खरोखर सुंदर होता. पण फेकोमध्ये, म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग अल्ट्रासाउंडच्या सुईसारख्या टिपने फोडून ओढून काढायच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये, दोन हातांइतकेच दोन पाय लागतात, आणि हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस गांगरतो. एक पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, फोकस आणि झूमसाठी. दुसरा फेकोच्या पेडलवर. थोडं दाबलं की नुसतं पाणी, आणखी दाबलं की ओढ, पूर्ण दाबलं की अल्ट्रासाउंड. डोळे मायक्रोस्कोपमध्ये, हात भिंगाभोवती, आणि पायाने अर्धा सेंटिमीटर वर-खाली. इथे तो शिलाई मशीनवाला मुलगा पुढे निघाला. टाका कुठे येतोय ते बघत पायाचा वेग कमी-जास्त करणं त्याच्या अंगात होतं. त्याने मला सांगितलं, कापड ओढायचं नसतं, मशीनला घेऊ द्यायचं असतं. मी ते वाक्य आता प्रत्येक बॅचला सांगते, कारण भिंगाचा तुकडा टिपकडे येऊ द्यायचा, टिप घेऊन त्याच्या मागे धावायचं नाही, हे याहून सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

फेकोची कल्पना चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेले असताना सुचली, दात स्वच्छ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रावरून. १९६७ मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा वापरली. केलमन सॅक्सोफोन वाजवायचे, अगदी मंचावर. पायाने वेग धरणं आणि बोटांनी वेगळंच काही करणं वादकाला सोपं जात असावं, असं मला नेहमी वाटतं. हा फक्त माझा अंदाज.

आम्ही ऑपरेशन शेवटाकडून शिकवतो. पहिल्यांदा रेसिडेंटला मिळतो तो अखेरचा टप्पा, ऑपरेशनसाठी डोळ्यात भरलेला जेल धुऊन काढणं. ते जमलं की कृत्रिम भिंग बसवणं. मग भिंगाचा उरलेला मऊ भाग ओढून घेणं. मग एकेक पायरी मागे. रेक्सिस, म्हणजे भिंगाच्या पातळ पिशवीला समोरून पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड फाडणं, बरंच उशिरा. हा गोल एकदा कडेकडे धावला की पुढच्या सगळ्यावर पाणी. त्याची तयारी प्राण्यांच्या डोळ्यांवर वेट लॅबमध्ये होते आणि आता सिम्युलेटरवर. ब्रिटनमध्ये २००९ ते २०१५ या काळात सिम्युलेटर उपलब्ध होत गेले तसं पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या प्रशिक्षणार्थींच्या हातून मागची पिशवी फाटण्याचं प्रमाण ४.२ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. त्या आकड्यातला प्रत्येक दशांश म्हणजे कोणाचा तरी डोळा आहे.

मागची पिशवी फाटणं. आम्ही त्याला पीसी रेंट म्हणतो. ती पिशवी सुमारे चार मायक्रॉन जाड असते, केसाच्या जाडीचा अगदी छोटा अंश. माझ्या हातून ती पहिल्यांदा फाटली ते मला अजून दिसतं. मऊ भाग ओढत होते, एक तुकडा सोडायला तयार नव्हता, मी सोडून द्यायला हवं होतं आणि नाही सोडलं. मध्येच एक लख्ख, फार स्वच्छ गोल दिसला. इतकं स्वच्छ दिसायला नको होतं. सिनियरने मला खांद्याने बाजूला केलं, पुढे आलेला जेलीसारखा द्रव कापून काढला, भिंग पिशवीच्या पुढच्या बाजूला टेकवलं, आणि टाके घातले. सगळं उत्तम केलं त्यांनी. पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पेशंटला काय झालं ते कोणी सांगितलं नाही, मीही नाही. पुढचे दोन महिने मला एकही केस मिळाली नाही. पेशंटची नजर पुढे चांगली आली, हे माझं नशीब. पण मी त्या माणसाला सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही, ते अजून डाचतं.

म्हणून माझ्या रेसिडेंटच्या हातून रेंट झाला की तीन गोष्टी होतात. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं बसून त्या केसचा व्हिडिओ बघतो, फाटण्याच्या क्षणापासून एक मिनिट मागे जाऊन, कारण चूक तिथे असते. त्याच दिवशी तो स्वतः पेशंटला सांगतो, मी शेजारी उभी असते. आणि त्याच आठवड्यात त्याला पुन्हा खुर्चीवर बसवते, एकाच टप्प्यासाठी का होईना. घड्याळजीच्या मुलीचा पहिला रेंट सर्वांत अवघड गेला. ज्याचा हात चांगला असतो त्याला स्वतःची चूक मान्य करायला वेळ लागतो, कारण आजवर त्याला हातानेच सावरलेलं असतं. ती व्हिडिओ बघताना म्हणाली, "इथे मला माहीत होतं." एवढं वाक्य आलं की माझं काम झालं.

नवीन माणसाने विचारलेला प्रश्न आणि त्याच्या आधीच्या आयुष्याची शिदोरी, या दोन्हींनी आमचं शास्त्र कितीदा पुढे गेलंय. हेल्महोल्ट्झ डोळ्यांचे डॉक्टर नव्हतेच. लष्करात सर्जन म्हणून काम केलेले, नंतर शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे गृहस्थ. बाहुलीतून परत येणारा उजेड विद्यार्थ्यांना कसा समजावून सांगावा, या विचारात असताना त्यांनी ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, बनवला. डिसेंबर १८५० मध्ये तो मांडला तेव्हा त्यांचं वय २९ होतं. ब्रिटनमध्ये नेत्रसर्जन हॅरल्ड रिडली मोतीबिंदू काढत असताना बघायला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवत का नाही? युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या छतातले पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे रिडलींनी बघून ठेवलेलं होतं. २९ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो कार्ल कोलर. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या सर्वसाधारण रुग्णालयात तो २६ वर्षांचा ज्युनियर होता. त्या काळी डोळ्याचं ऑपरेशन जागेपणी, दुखणं सहन करत करायचे. ईथरने माणूस झोपायचा, पण नंतर ओकाऱ्या काढायचा आणि कापलेला डोळा त्या जोराने बिघडायचा. कोलर डोळा बधिर करणारं औषध शोधत होता, मॉर्फिनसकट एकदोन गोष्टी त्याने करून बघितल्या होत्या आणि फसल्या होत्या. त्याच्याच रुग्णालयातला सहकारी सिग्मंड फ्रॉइड तेव्हा कोकेनचा अभ्यास करत होता. जीभ बधिर होते, हे अनेकांना माहीत होतं. कोलरची पार्श्वभूमी प्रयोगशाळेतली होती, म्हणून तो थेट बेडकाकडे गेला. बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकला, मग सशाच्या, कुत्र्याच्या, आणि मग सहकाऱ्याबरोबर स्वतःच्या. टाचणीच्या डोक्याने बुबुळाला हात लावला आणि काही जाणवलं नाही. १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत हे मांडलं गेलं. कोलर तिथे नव्हता, प्रवासाला पैसे नव्हते. दुसऱ्या डॉक्टरने त्याचा निबंध वाचून दाखवला. नेत्रविभागातली असिस्टंटची जी जागा त्याला हवी होती ती त्याला मिळाली नाही. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे डोळ्यांचा डॉक्टर म्हणून आयुष्यभर काम केलं. आज कुठल्याही ओपीडीत डोळ्याचा दाब मोजण्याआधी आपण बधिर करणारा थेंब टाकतो, तेव्हा मला तिकिटाला पैसे नसलेला तो मुलगा आठवतो.

या वर्षीच्या बॅचमध्ये एक मुलगा आहे. वहीत त्याचं उत्तर सगळ्यांत लांब आहे. त्याच्या आजोबांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. मी लिहून घेतलं, "आजोबांचा हात धरून न्यायचा." त्याने वहीत बघितलं आणि म्हणाला, "तसं नाही मॅडम. मी त्यांचा हात धरायचो नाही. त्यांचा हात माझ्या कोपरावर असायचा. मी पुढे, ते अर्धं पाऊल मागे. पुढून ओढलं किंवा मागून ढकललं की त्यांना पडायची भीती वाटायची." मी ते खोडून दुरुस्त केलं. तेव्हापासून आमच्या ओपीडीत पेशंटला खांद्याला धरून खुर्चीत बसवणं बंद झालंय. त्याने सगळ्यांना शिकवलं, सिस्टरांनाही, मलाही.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, उशिरा आलेल्या. उजव्या डोळ्याने फक्त मधलं एवढंसं दिसतं, डाव्याने उजेड. तपासणी त्यानेच केली, दाब, नस, फील्ड, सगळं. मग त्याने स्टूल पुढे ओढलं आणि सांगितलं, की जे गेलंय ते परत येणार नाही, औषधं आणि गरज पडली तर ऑपरेशन आहे ते उरलेलं राखण्यासाठी. त्याने "पण" लावून पुढे लगेच काही गोड जोडलं नाही. बाई बराच वेळ गप्प होत्या. तोही गप्प बसला, फाइलकडे न बघता. मग त्यांनी थेंब कसे टाकायचे ते विचारलं आणि त्याने तीनदा दाखवलं, शेवटी त्यांच्याकडूनच टाकून घेतले.

निघताना तो उठला, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि कोपर जरासं पुढे केलं. त्यांनी हात ठेवला. दाराशी पायरी आहे आमच्याकडे. "एक पायरी खाली," एवढंच तो म्हणाला, आणि दोघं बाहेर गेले.